कुंपणाच्या आतला शब्द

१८७१ साली शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला यरुशलेमात एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर ग्रीक भाषेतल्या सात ओळी आहेत आणि मजकूर कोणत्याही सरकारी पाटीसारखा कोरडा आहे. मंदिराभोवतीच्या जाळीच्या आणि आवाराच्या आत कोणाही परकीयाने पाऊल टाकू नये. जो सापडेल, त्याच्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. हेरोदाने इ.स.पू. २०च्या सुमारास बांधायला काढलेल्या आणि इ.स. ७० साली रोमन सैन्याने जमीनदोस्त केलेल्या मंदिराची ही पाटी. यरुशलेम तेव्हा उस्मानी अमलाखाली असल्यामुळे शिळा इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेली आणि आजही तिथेच आहे. अशाच दुसऱ्या पाटीचा तुकडा १९३५ मध्ये मिळाला. त्याच्या अक्षरांत तांबड्या रंगाचे अंश शिल्लक होते, म्हणजे पाटी दुरून वाचता यावी अशी सोय केलेली होती.

शिळा सापडण्याआधीही या पाट्यांची माहिती होती, ती योसेफसमुळे. मंदिर उभे असताना पाहिलेल्या या यहुदी इतिहासकाराने रोममध्ये बसून यहुदी युद्धाचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की दुसऱ्या आवाराच्या कठड्यावर ठरावीक अंतराने शिळा होत्या, काही ग्रीक लिपीत, काही लॅटिन. (लॅटिन पाटी आजवर सापडलेली नाही.) परकीयाने ‘हागिओन’च्या आत जाऊ नये असा त्यांवर हुकूम होता, असे तो म्हणतो आणि लगेच खुलासा करतो की दुसऱ्या आवाराला ‘हागिओन’ म्हणत असत. प्रत्यक्ष शिळेवर मात्र तो शब्द नाही. तिथे मंदिरासाठी ‘हिएरोन’ कोरलेले आहे. साक्षीदार एक शब्द सांगतो, दगड दुसरा. योसेफसने आठवणीतून लिहिले म्हणून सोडून देता आले असते, पण त्याच काळातला तिसरा कागद हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात ठेवतो.

हा कागद म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’. एकविसाव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या मंदिरात असताना आशियाकडचे काही यहुदी त्याला ओळखतात आणि ओरड करतात. आरोप असा की त्याने ग्रीकांना ‘हिएरोन’मध्ये आणले आणि हे ‘हागिओस’ स्थान ‘कोइनोस’ करून टाकले. कोइनोस म्हणजे सामान्य, सगळ्यांना मोकळे. आपल्याकडे सोवळ्यातल्या वस्तूला ओवळ्याचा हात लागावा, तसे काहीसे. इफिसच्या त्रफिमाला त्यांनी शहरात पौलाबरोबर पाहिले होते आणि त्यावरून त्याला आत नेले असेल असे त्यांनी धरून चालले, असा खुलासा लेखक जोडतो. जमाव पौलाला ठार मारणार तेवढ्यात रोमन सरदार शिपाई घेऊन धावून येतो.

या वाक्यात हिएरोन ही इमारत आहे, माणसे जिच्यात शिरतात ती. हागिओस हा त्या जागेचा गुण आहे आणि तो बिघडू शकतो. मराठीत विशेषण म्हणून हे दोन्ही शब्द आले की आपण ‘पवित्र’ लिहून मोकळे होतो. पवित्र आत्माही तोच, पवित्र शास्त्रही तोच. ग्रीकमध्ये आत्मा हागिओस आहे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेखांना लावलेले विशेषण हिएरोस आहे. हा भेद मुळात होता का, आणि ख्रिस्ती ग्रंथ लिहिणाऱ्यांना तो जाणवत होता का, हे शब्दकोशाला विचारण्यापेक्षा जुन्या कागदांना विचारलेले बरे.

हिएरोस हा दोघांतला वडीलधारा. ग्रीसच्या पिलोस येथे इ.स.पू. १२००च्या सुमारास राजवाडा जळाला आणि हिशेबाच्या मातीच्या पाट्या त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने त्यांची लिपी उलगडली, तेव्हा त्यांची भाषा ग्रीकच निघाली. एका पाटीवर पुजारणीच्या दासींची नोंद आहे, आणि त्या कशासाठी ठेवल्या तर ‘हिएरोस’ सोन्यासाठी. दुसऱ्या पाटीवर एरिथा नावाची पुजारीण एक जमीन देवतेच्या नावाची असल्याचा दावा करते, आणि गाव म्हणते की तसे काही नाही. भक्तीचा एक शब्द नाही. सोने, दासी आणि जमिनीचा तंटा. हिएरोस शब्दाचा जन्मदाखला देवळाच्या दप्तरात सापडतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

काव्यात मात्र तो मोकळा फिरतो. होमरला त्रॉय नगरी हिएरोस, एका उपमेतला मासा हिएरोस, आणि राजा अल्किनोसचे सामर्थ्यही हिएरोस. देवळाशी संबंध नसलेल्या या वापरामुळेच भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे नाते वेदांतल्या ‘इषिर’ शब्दाशी जोडले. ऋग्वेदात मनाला लावलेले हे विशेषण जोम, आवेग सांगते. हागिओसचे नाते ‘यज्’ धातूशी लावतात, म्हणजे आपल्या यज्ञाशी. संस्कृतचा गंध असलेल्या वाचकाला इथे थांबून आनंद घ्यावासा वाटेल; जरूर घ्यावा, पण त्यावर निकाल देऊ नये. जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने १९६१ मध्ये एक सबंध पुस्तक लिहून दाखवले की शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. त्याचा रोख मुख्यतः किटेलच्या जर्मन बायबल-कोशावर होता, ज्याचा पहिला खंड १९३३ मध्ये निघाला आणि ज्यातले ‘हागिओस’वरचे प्रकरण आजही हवाला म्हणून पुढे केले जाते. शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणी, कुठे, कशाला लावला हे पाहणे अधिक भरवशाचे.

होमरमध्ये हागिओस नाही. तो इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसकडे भेटतो, आणि कुठे भेटतो ते पाहण्यासारखे आहे. इजिप्तमधल्या अतार्बेखिस गावातले ग्रीक नावाने अफ्रोदितीचे म्हटलेले देऊळ, फिनिशियातल्या सोर शहरातले हेराक्लेसचे देऊळ, आणि कारियात लाब्राउंडा येथे झ्यूसच्या देवस्थानाजवळची चिनाराची राई. तिन्ही ठिकाणे ग्रीसच्या मुख्य भूमीबाहेरची, परक्या पूजेची. पहिल्या दोन ठिकाणी तो ‘हिएरोन हागिओन’ असे जोडीने लिहितो, म्हणजे दोन शब्द एकमेकांची पुनरुक्ती करत नाहीत. देऊळ असणे वेगळे आणि हागिओस असणे वेगळे. प्लेटोने ‘क्रितिआस’ संवादात अटलांटिसच्या मधोमध एक देवस्थान रंगवले आहे. तेही ‘हिएरोन हागिओन’. त्यात कोणी पाऊल टाकायचे नाही आणि त्याभोवती सोन्याचे कुंपण. कुंपणासाठी त्याने वापरलेला शब्द ‘पेरिबोलोस’. यरुशलेमच्या शिळेवर आवाराला हाच शब्द आहे. योसेफसची आठवण इथे मला खरी वाटू लागते. ज्या रेषेपलीकडे जायचे नाही, त्या रेषेच्या आतल्या भागाला लोकांच्या तोंडी हागिओन म्हणत असणार. पाटी कोरणाऱ्याने वास्तूचे रीतसर नाव लिहिले.

आता अलेक्झांड्रिया. यहुद्यांच्या धर्मशास्त्राचे ग्रीक भाषांतर इथे इ.स.पू. तिसऱ्या शतकात सुरू झाले. ‘अरिस्तेअसचे पत्र’ नावाचा एक लेख सांगतो की दुसऱ्या टॉलेमीने ७२ विद्वान यरुशलेमहून आणवले आणि त्यांनी ७२ दिवसांत काम पुरे केले. हे पत्र दरबाऱ्याचा आव आणून पुढच्या शतकातल्या एका यहुदी लेखकाने लिहिले, हे सतराव्या शतकातच हंफ्री होडीने दाखवून दिले. कथा सोडून द्यावी. काळ आणि गाव बरोबर आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात या भाषांतरातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचे इ.स.पू. दुसऱ्या शतकातले पपायरसचे तुकडे आहेत, ममीच्या वेष्टनातून सोडवलेले.

या भाषांतरकारांपुढे हिब्रूतला ‘क़-द-श’ हा धातू होता. देव क़ादोश, दिवस क़ादोश, जळत्या झुडपाजवळची जमीन क़ादोश, लोकही क़ादोश. ग्रीकमध्ये रोजचा, हाताशी असलेला शब्द हिएरोस. तरी त्यांनी जवळजवळ नेहमी हागिओस घेतला. का, ते त्यांनी लिहून ठेवलेले नाही. पण त्याच दशकांतले इजिप्तचे कागद भरपूर उरले आहेत. अर्थमंत्री अपोलोनियोसचा कारभारी झेनोन याचे दप्तर फायूमच्या वाळूत सापडले. त्यात बुबास्तिसच्या ‘हिएरोदूलोई’ लोकांचा, म्हणजे देवळाच्या सेवेकऱ्यांचा अर्ज आहे. आम्ही मांजरांना खाऊ घालणारे, आमच्या धंद्याला राजाने वेठबिगारीतून माफी दिली आहे, तरी आम्हाला कापणीला धाडले आणि वर विटा पाडायला लावल्या, अशी त्यांची तक्रार. जमिनीच्या सरकारी वर्गवारीत ‘हिएरा’ जमीन म्हणजे देवस्थान इनाम. पिलोसनंतर हजार वर्षांनीही हिएरोस हा शब्द त्याच दप्तरात बसलेला दिसतो. मालकी देवाची, वहिवाट पुजाऱ्यांची, नोंद सरकारची.

अडचण नेमकी इथे होती. ग्रीक रूढीत देवाची वस्तू हिएरोस असते. देवाला स्वतःला हिएरोस म्हणत नाहीत. आणि हिब्रू शास्त्रात क़ादोश आधी देवच आहे. यशयाच्या सहाव्या अध्यायात हा शब्द देवाबद्दल तीनदा लागोपाठ येतो. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात देव लोकांना सांगतो की मी तसा आहे म्हणून तुम्हीही व्हा. तिथे हिएरोस घातला असता, तर देव कोणा दुसऱ्या देवाच्या मालकीचा ठरला असता. हागिओसला ही अडचण नव्हती. तो तुलनेने कमी वापरलेला होता, देवळाच्या हिशेबात मळलेला नव्हता, आणि ‘इथून पुढे नाही’ हा भाव त्यात होताच.

काही अभ्यासकांचे म्हणणे याहून पुढे जाते: भाषांतरकारांना परक्या देवळांचा वासही नको होता, म्हणून त्यांनी हिएरोस मुद्दाम टाळला. याला पुरावा आहे. अनुवादच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएलच्या मुला-मुलींनी ‘क़ादेश’ आणि ‘क़देशा’ होऊ नये अशी मनाई आहे. धातू तोच, क़-द-श. इथे भाषांतरकार हागिओसच्या जवळपासही फिरकत नाही. तो आधी सरळ वेश्या आणि व्यभिचारी असे शब्द घालतो, मग तेच वाक्य पुन्हा एकदा, परक्या दीक्षाविधीला साजणाऱ्या शब्दांत मांडतो. एका हिब्रू वाक्याची दोन ग्रीक वाक्ये झाली. शब्द आपोआप पडत नव्हते, कोणीतरी तोलून टाकत होते, हे इथे उघड दिसते. (रायलंड्सचे तुकडे या वचनानंतर काही ओळींनीच सुरू होतात, हे वचन नंतरच्या हस्तलिखितांतून वाचावे लागते.) वेदीचेही तसेच. इस्राएलच्या देवाच्या वेदीला ‘थिसिआस्तेरिओन’ हा नवा शब्द, आणि मोडून टाकायच्या परक्या वेद्यांना ‘बोमोस’ हा चालू ग्रीक शब्द.

पण टाळाटाळीचा हा सिद्धान्त पुरता टिकत नाही. याजकाला त्यांनी ‘हिएरेउस’ म्हटले, आणि उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाचा सासरा, इजिप्तमधल्या सूर्यदेवाचा पुजारी, तोही हिएरेउसच. यहोशवाच्या सहाव्या अध्यायात यरीहोभोवती फुंकलेल्या रणशिंगांना हिएरोस हे विशेषण आहे. शब्दाचा विटाळ असता तर हे झाले नसते. माझे मत असे की तिटकारा दुय्यम, नेमकेपणा मुख्य. देवाबद्दल बोलता येईल असा शब्द हवा होता. याजक आणि शिंगे ही देवळाची सामग्री, त्यांना जुना शब्द चालला.

भाषांतराची ही ओढाताण त्या लोकांनाही कळत होती. सीराखाच्या पुस्तकाचे ग्रीक रूपांतर करणारा त्याचा नातू इ.स.पू. १३२च्या सुमारास इजिप्तमध्ये आला. प्रस्तावनेत तो वाचकांची क्षमा मागतो, कारण हिब्रूत सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्या भाषेत नेल्या की त्यांचे बळ तेवढेच राहत नाही. आणि सगळे यहुदी या काटेकोरपणाने बांधलेले नव्हते. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलो मोशेच्या पुस्तकांना बिनदिक्कत हिएरोस म्हणतो, योसेफसही म्हणतो. दोघांचा वाचक सुशिक्षित ग्रीक, त्याला समजेल तो शब्द त्यांनी घेतला.

पौल मात्र भाषांतराच्या भाषेत वाढलेला माणूस. इ.स. ५५च्या आसपास तो इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो आणि मायन्यातच त्यांना ‘हागिओइ’ म्हणतो, हागिओसचे अनेकवचन. हे हागिओइ कसे होते? एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला कोणी उपाशी राहत होता तर कोणी झिंगत होता, एकाने बापाची बायको ठेवली होती. हे सगळे पौलच त्याच पत्रात लिहितो आणि तरी मायना बदलत नाही. मराठी वाचक ‘पवित्र जन’ वाचून शुद्ध आचरणाची माणसे डोळ्यांपुढे आणतो आणि गोंधळतो. पौलाच्या लेखी तो शीलाचा दाखला नाही. ही माणसे देवाने आपली म्हणून वेगळी काढली आहेत, एवढेच तो सांगतो. वागणूक त्यामागून यावी अशी त्याची अपेक्षा आहे, आणि ती येत नाही म्हणूनच तर पत्र लिहावे लागले. सातव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. विश्वास न ठेवणारा नवराही विश्वासी बायकोमुळे हागिओस झालेला असतो. यात नवऱ्याच्या नीतीचा काही संबंध असूच शकत नाही.

तिसऱ्या अध्यायात तो कुंपणच हलवतो. देवाचे मंदिर हागिओस आहे आणि ते मंदिर तुम्ही आहात, असे तो ज्यांना सांगतो, त्यांतले बरेच जण यहुदी नव्हते. यरुशलेमच्या जाळीच्या आत त्यांनी पाऊल टाकले असते, तर पाटीवरचा मजकूर त्यांना लागू झाला असता. या पत्राच्या शेवटी तो यरुशलेमच्या गरीब ‘हागिओइ’साठी वर्गणी गोळा करायला सांगतो. ती रक्कम पोचवण्यासाठी तो यरुशलेमला गेला आणि मंदिरात पकडला गेला. आरोप करणाऱ्यांनी त्रफिमाबद्दल तर्क चुकीचा केला असेल. पण हा माणूस परकीयांना हागिओस म्हणत फिरतो हे त्यांच्या कानावर गेले असेल, तर त्यांचा संताप अनाठायी नव्हता.

पौलाच्या पत्रांची सर्वांत जुनी मोठी प्रत इ.स. २००च्या सुमाराची. तिची पाने डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात वाटली गेली आहेत. अशा प्रतींत देव, प्रभू, येशू, ख्रिस्त, आत्मा हे शब्द आदराने आखडून लिहितात आणि वर रेघ ओढतात. ‘पवित्र आत्मा’ लिहिताना मात्र आत्मा आखडलेला असतो आणि शेजारचा हागिओस सहसा पुरा लिहिलेला. तेव्हाच्या लेखनिकांसाठी ते नाव नव्हते, विशेषण होते. हागिओस निकोलाओस वगैरे नावांपुढची उपाधी ही पुढच्या शतकांची कमाई. लॅटिनमध्ये हागिओसचे ‘सांक्तुस’ झाले, आणि तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून मुंबईच्या सांताक्रूझपर्यंत येऊन पोचला. आपल्या ‘संत’ शब्दाशी त्याचे रक्ताचे नाते नाही.

नव्या करारात हागिओस सव्वादोनशेहून अधिक वेळा येतो. देवळासाठी ‘हिएरोन’ हे नाम सत्तरएक वेळा. हिएरोस हे विशेषण मात्र दोनदाच. एकदा करिंथच्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात, मंदिरातली कामे करणाऱ्यांच्या पोटापाण्याची गोष्ट निघते तिथे. म्हणजे पुन्हा देवळाचे दप्तरच. दुसऱ्यांदा तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, शास्त्रलेखांना. हे पत्र पौलाच्या हातचे आहे का याबद्दल अभ्यासकांत मोठा वाद आहे, आणि ही फिलो-योसेफसच्या वळणाची शब्दयोजना त्या वादात नोंदवण्यासारखी आहे.

तिसरी जागा मार्कच्या शेवटी. व्हॅटिकन आणि सिनाई या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर, स्त्रिया घाबरून गप्प राहिल्या इथे, अचानक थांबते. हा तुटकपणा सोसवला नाही म्हणून पुढे कोणी कोणी शेवट जोडले. त्यातला छोटा शेवट काही ग्रीक प्रतींत लांब शेवटाच्या आधी येतो. एकट्याने तो फक्त तुरिनच्या बोबिएन्सिस या जुन्या लॅटिन हस्तलिखितात आहे. त्याच्या ग्रीक पाठात तारणाच्या घोषणेला ‘हिएरोस’ म्हटले आहे. मार्कने मंदिराला हिएरोन म्हटले, पण हिएरोस हे विशेषण एरवी कशालाही लावले नाही. या एका शब्दाखेरीज शैलीचे आणि प्रतींचे इतर पुरावेही आहेत, आणि छोटा शेवट मार्कचा नाही यावर आज अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे.